राखीव गोलरक्षक

नालवाडीतल्या आमच्या शेजारच्या काकांचा मुलगा एका फुटबॉल संघात राखीव गोलरक्षक आहे. यंदा देशपातळीवरच्या बाद फेरीच्या करंडकात तो संघ जिंकत गेला. काका प्रत्येक सामना आमच्याकडे टीव्हीवर पाहायचे. चेंडू कुठेही असो, ते राखीव खेळाडूंच्या बाकावर मुलाला शोधायचे आणि "दिसला" म्हणून टेकून बसायचे.

उपांत्य सामन्यात मुख्य गोलरक्षक जखमी झाला आणि मुलगा उतरला. काका उठून अंगणात गेले. "मले नाई पाहवत. तू सांगजो."

शेवटी गोल खाऊन संघ हरला. मी बाहेर जाऊन सांगितलं.

"रडून राह्यला का?"

"नाई काका. संघातल्या दुसऱ्या रडणाऱ्या पोराले उठवून राह्यला."

ते आत आले आणि टीव्हीवर पुन्हा दाखवलेला तो गोल त्यांनी नजर न हलवता पाहिला.