हात मिळवायची रांग आणि चष्मेवाले

मॅचचा शेवटचा चेंडू पडला की चष्मेवाले गायब व्हायचे. म्हणजे अगदी गायब नाही. स्टंपवरच्या बेल्स उचलून खिशात टाकायचे आणि थेट मैदानाच्या कोपऱ्यातल्या नळाकडे चालू लागायचे. इकडे दोन्ही संघांची मुलं समोरासमोर रांग करून एकमेकांशी हात मिळवत असायची आणि तिकडे आमचे मुख्य पंच पाठ करून, सावकाश, कोपरापर्यंत हात धूत असायचे.

मी त्यांच्याबरोबर दुसरा पंच म्हणून इतकी वर्षं उभा राहतो आहे की मुलं आम्हाला जोडीनेच ओळखतात. ते मोठे काका, मी छोटे काका. हे वयावरून नाही, पोटावरून. मी आयुष्यभर टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायचं काम केलं. एकदाही सायकलवरून पत्र वाटायला गेलो नाही, तरी ते मला ‘पोस्टमन’ म्हणतात आणि मी त्यांना ‘चष्मेवाले’. त्यांच्याविषयी लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस मिळाला असता, पण रांगेत त्यांच्या शेजारी मीच होतो.

त्यांचं दुकान चिंचोळं आहे. आत गेलं की डाव्या हाताला काचेचं कपाट, त्यात चष्म्याच्या फ्रेमा नाकाएवढं अंतर ठेवून मांडलेल्या. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. गल्ल्यावर वहिनी, म्हणजे त्यांची बायको. त्यांच्यासमोर बारीक स्क्रूंची बशी. धंदा सासऱ्यांचा. लग्नानंतर सासऱ्यांनी जावयाला विचारलं, ‘डोळे कसे आहेत?’ जावई म्हणाले, ‘अधू.’ ‘मग तुला गिऱ्हाइकाचं दुखणं कळेल,’ असं म्हणून सासऱ्यांनी दुकानाची किल्ली दिली. ही गोष्ट वहिनी सांगतात तेव्हा चष्मेवाले म्हणतात, ‘त्यांनी किल्ली तुला दिली होती. मला झाडू दिला होता.’

पंच ते मुलीमुळे झाले. मुलगी लहानपणी खेळायची. एका सकाळी ठरलेला पंच आलाच नाही. कोणीतरी म्हणालं, ‘चष्म्याचं दुकान आहे ना यांचं? मग यांनाच दिसत असणार.’ त्यांनी पंचाचा कोट चढवला तो आजतागायत उतरला नाही. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. हे मात्र दर रविवारी मैदानावर. सीमारेषेवरून पालक ओरडायचे, ‘अहो चष्मेवाले, नंबर वाढलाय वाटतं!’ ते मान न वळवता म्हणायचे, ‘उद्या दुकानात या, तुमचाच तपासतो.’ आणि खरंच त्यातले काही जण सोमवारी यायचे.

त्यांची एक पद्धत होती. लहान मुलांच्या मॅचमध्ये कॅच नीट दिसला नाही, मलाही दिसला नाही, तर ते पकडणाऱ्या मुलालाच विचारायचे, ‘घेतलास?’ मूल हो म्हणालं तर आऊट, नाही म्हणालं तर नाही. नियमाच्या पुस्तकात असलं काही नसेल. पण दुकानात ते दिवसभर हेच करतात. काच बदलायची आणि विचारायचं, ‘आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?’ गिऱ्हाईक सांगेल ते खरं. मुलं त्यांच्याशी खोटं बोलत नसत. का बोलत नसत, मला माहीत नाही.

रांगेचं मात्र मी त्यांना खूपदा विचारलं होतं. ‘मुलं हात पुढे करतात, तुम्ही नळावर का पळता?’ एकदा म्हणाले, बेल्स हरवतात. एकदा म्हणाले, मुलांचे हात चिकट असतात. मैदानावर लोकांनीही आपापले तर्क लढवले होते. कोणी म्हणे अकड आहे, कोणी म्हणे कधीतरी कोणा बापाशी वाजलं असणार. मला यातलं एकही पटायचं नाही. कारण हाच माणूस दुकानात रडणाऱ्या पोराच्या कानामागे चष्म्याची काडी बसवताना त्याला हसवून सोडतो.

मग नवे सेक्रेटरी आले. दातांचे डॉक्टर, वयाने आमच्या मुलांएवढे, कळकळीचे. आदल्या मोसमात एका बापाने सगळ्यांदेखत पंचाला नको ते बोलून घेतलं होतं आणि पुढच्याच मॅचला त्याच्या मुलाने तेच शब्द वापरले. डॉक्टरांनी ते मनाला लावून घेतलं. त्यांनी आम्हा सगळ्या पंचांना बोलावून सांगितलं, ‘मॅचनंतर पंचांनीही रांगेत उभं राहायचं. मुलांनी पहिल्यांदा पंचांशी हात मिळवायचा, मग एकमेकांशी. ज्याचा हात हातात घेतला त्याला शिव्या घालणं जड जातं.’

मला हे पटलं. आजही बरंचसं पटतं.

‘आणि जो उभा राहणार नाही?’ चष्मेवाल्यांनी विचारलं.

‘काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण नियम सगळ्यांना सारखा. जे उभे राहणार नाहीत, त्यांना पुढच्या मोसमात बोलावता येणार नाही.’

घरी जाताना चष्मेवाले माझ्या पुढे पुढे चालत होते. रविवार गेला तर या माणसाकडे काय उरतं, हे मला ठाऊक होतं. वहिनींना तर माझ्याहून जास्त. त्या म्हणाल्या, ‘उभे राहा की गप. हातच मिळवायचाय, पाणिग्रहण नाही करायचं.’

ते उभे राहिले.

त्या दिवशी मॅच चुरशीची झाली. एका बाजूला लांब्या नावाचा कप्तान, वयाच्या मानाने ताडासारखा, एकट्याने सामना ओढत होता. दुसऱ्या बाजूला यष्टिरक्षक एक मुलगी, दोन वेण्या हेल्मेटमधून बाहेर. सगळे तिला कीपरच म्हणत, घरचेसुद्धा. शेवटी शेवटी लांब्याच्या बॅटची कड लागली, चेंडू खाली गेला आणि कीपरने पुढे झेप घेतली. मध्ये गोलंदाज आल्यामुळे चष्मेवाल्यांना दिसलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी क्रीजवर नजर ठेवून होतो. मी मान हलवली, दिसलं नाही म्हणून. तोवर तिचा सगळा संघ उड्या मारत तिच्याभोवती गोळा झाला होता.

चष्मेवाल्यांनी विचारलं, ‘घेतलास?’

‘हो,’ ती म्हणाली.

बोट वर गेलं. लांब्या बॅट आपटत गेला, पण गेला. मॅच कीपरच्या संघाने जिंकली.

मग रांग. डॉक्टरांनी आम्हा दोघांना अगदी सुरुवातीला उभं केलं होतं. मुलं आमच्यापुढून जात होती, ‘थँक्यू काका, थँक्यू काका’ करत. लांब्या आला, हात दिला, वर पाहिलं नाही. पुढे गेला. त्याच्या मागून पलीकडची मुलं. कीपर आली. तिने चष्मेवाल्यांचा हात धरला तो सोडेचना.

‘काका, मी हो म्हणाले ना, तेव्हा टप्पा पडला होता.’

ती हळू बोलली. मी शेजारी होतो म्हणून ऐकू आलं.

चष्मेवाले तिच्याकडे वाकले. मग म्हणाले, ‘मला सांगून काय उपयोग? त्याला सांग.’

‘तुम्हाला सांगितलं ना आता,’ ती म्हणाली. आणि इतकी हलकी होऊन पुढे पळाली की वेण्या उडाल्या. लांब्यापाशी पोचल्यावर तिने हाताला हात लावला आणि पुढे गेली.

आम्ही नंतर बाकावर बसलो. त्यांनी बूट काढले नाहीत, पाण्याला हातही लावला नाही.

‘पोस्टमन,’ ते म्हणाले, ‘मला रांग का नको वाटायची ते मलाच माहीत नव्हतं. आज कळलं असं वाटतंय. मी मध्ये उभा नसतो तर ती त्याच्याशी बोलली असती.’

‘कशावरून? कोणाशीच बोलली नसती कदाचित.’

‘तेही खरं,’ ते म्हणाले. ‘पण तिचं काम झालं. त्या पोराचं काय?’

‘जाऊन सांगा त्याला.’

‘तिने मला सांगितलंय. मी कसं सांगू?’

आठवड्याच्या मध्यावर मी दुकानात बसलो होतो तेव्हा डॉक्टर आले. चष्म्याचा नाकावरचा पॅड निसटला होता. चष्मेवाले स्क्रू फिरवत होते आणि डॉक्टर खुशीत बोलत होते.

‘बघितलंत ना काका, रविवारी? मुलं किती मोकळी झाली! ती कीपर तर तुमचा हातच सोडत नव्हती. मी फोटो काढलाय. तुमचा हात धरून काय सांगत होती एवढं?’

मी खुर्चीच्या कडेवर आलो. आता हे बोलले की वाद जिंकले, असं मला वाटलं. एका वाक्याचं काम होतं.

‘असंच,’ चष्मेवाले म्हणाले. चष्मा उजेडात धरून त्यांनी काचा पुसल्या. ‘उभा राहीन मी. पण सुरुवातीला नको. शेवटी उभं करा. मुलांचं एकमेकांशी सगळं झालं की मग आम्ही.’

‘का बरं? पंचांना शेवटी म्हणजे मान कमी केल्यासारखं दिसतं.’

‘पाय दुखतात. तिथवर यायला वेळ लागतो.’

गल्ल्यावरून वहिनी म्हणाल्या, ‘पायांना काय धाड भरलीय? सकाळीच तर माळ्यावर चढला होतात.’

‘चढलो म्हणूनच दुखतात.’

डॉक्टरांनी आमच्या तिघांकडे पाहिलं. त्यांना काहीतरी शंका आली असावी, पण चष्मा नाकावर नीट बसला होता आणि समोरचा माणूस म्हातारा होता. ‘बरं, शेवटी तर शेवटी,’ ते म्हणाले.

त्याच दोन संघांची परतीची मॅच लागली. या वेळी लांब्याचा संघ जिंकला, तोही आरामात. रांग सुरू झाली. आम्ही दोघं शेपटाला. मी सारखा कीपरकडे बघत होतो. चष्मेवाले बघत नाहीत असं दाखवत होते.

ती लांब्यासमोर आली आणि थांबली. मागची मुलं एकमेकांवर आदळली.

‘ए, गप्पा घरी जाऊन मारा!’ मागून कोणीतरी ओरडलं.

‘चला, चला, पुढे सरका!’ हे डॉक्टर, सीमारेषेवरून. चष्मेवाल्यांनी त्यांच्याकडे न बघता तळवा वर केला, चेंडू टाकायला निघालेल्या गोलंदाजाला थांबवतात तसा. डॉक्टर थांबले.

कीपर काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. लांब्याचं मात्र सगळ्या मैदानाला ऐकू आलं.

‘मला माहीतच होतं! मी सांगत होतो ना! टप्पा पडला होता!’

मग गलका. त्याची मुलं एकीकडून, तिची मुलं दुसरीकडून. ‘चीटर!’ ‘तू चीटर!’ रांग मोडली. कीपर जागची हलली नाही, फक्त कान लाल झाले होते. मला वाटलं, झालं, आता हाणामारी.

‘मग हो का म्हणालीस?’ लांब्याने विचारलं.

‘सगळे उड्या मारत होते.’

लांब्याने आपल्या संघाच्या नाचणाऱ्या मुलांकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे. ‘थांब, तू बॅटिंगला ये पुढच्या वेळी, बघतो तुला!’

‘आधी तू ये ना बॅटिंगला. कड तरी लागू दे बॅटला.’

कोणीतरी हसलं. मग तोही हसला, अगदी नाइलाजाने. पण एवढ्याने भागणार नव्हतं. तो तरातरा आमच्याकडे आला. मागून सगळी मुलं, आणि मुलांमागून काही पालकही.

‘काका, मागच्या वेळी मी आऊट नव्हतो!’

‘नव्हतास,’ चष्मेवाले म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘मला दिसलं नव्हतं. मी चुकीचं आऊट दिलं.’

‘मग ती मॅच आमची!’ लांब्याचे वडील मागून म्हणाले.

‘मॅच त्यांचीच. हा आऊट नव्हता, एवढंच.’

‘वा! हे बरंय!’

लांब्या विचार करत उभा राहिला. वडिलांना त्याहून जास्त बोलायचं होतं, पण पोराने हात पुढे केला. चष्मेवाल्यांनी तो घेतला. या वेळी पोराने वर पाहिलं. मग कीपर आली, तिनेही हात दिला आणि या वेळी लगेच सोडलाही. मग बाकीचे, ढकलाढकली करत.

डॉक्टर जवळ आले तेव्हा मैदान रिकामं होत आलं होतं. ते चिडलेले नव्हते. पण चकित झाले होते.

‘तुम्हाला हे माहीत होतं?’

‘हो.’

‘त्या दिवशी दुकानात मी विचारलं तेव्हाही?’

‘हो.’

‘मग मला सांगायला काय झालं होतं?’

‘पोरगी मला सांगून गेली होती, डॉक्टर. तुम्हाला सांगा म्हणाली नव्हती.’

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मी मध्ये पडून म्हटलं, ‘पायांचं खोटं होतं.’ दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

‘मग आता तुम्हीच सांगा,’ डॉक्टर म्हणाले. ‘पंचांनी रांगेत असावं की नसावं? मी नियम काढून टाकू?’

मला वाटलं, चष्मेवाले लगेच हो म्हणतील. एवढे दिवस हेच तर हवं होतं. पण ते मुलं गेली त्या फाटकाकडे बघत राहिले. एखाद्या गिऱ्हाइकाला कुठली काच बरी ते ठरवता येत नसलं की ते असेच गप्प बसून राहतात, घाई करत नाहीत.

‘सांगता येत नाही,’ ते म्हणाले. ‘त्या पोराने हात पुढे केला तेव्हा मी नळावर असतो, तर ते काही बरं झालं नसतं. पण पहिला मी उभा होतो, तेही बरं झालं नाही. अजून थोड्या मॅच शेवटी उभा राहून बघतो. मग सांगतो.’

‘म्हणजे पुढच्या मोसमात येणार?’

‘बोलावलंत तर.’

‘बोलावतो की,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण ते लांब्याचे वडील माझ्याकडे तक्रार घेऊन येणार, त्याचं काय करू?’

‘माझ्याकडे पाठवा. सोमवारी दुकान उघडं असतं.’

डॉक्टर गेले. आम्ही दोघांनी स्टंप उपटायला घेतले. एक खोल रुतला होता, तो काही केल्या निघेना. मग दोघांनी मिळून धरला.