डागी चादरींचा मांडव

एप्रिलची अठरा तारीख. आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी पहाटे आलं, टाकी आणि दोन्ही पिंपं भरून झाली, आणि शाळेला निघायच्या आत मला गच्चीवर चादरी बांधून घ्यायच्या होत्या. मी शाळेच्या कार्यालयात काम करते. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, त्यामुळे हातात फार तर पाऊण तास होता.

चादरी नवऱ्याच्या कारखान्यातल्या. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर देखरेख करतो. विणीत दोष राहिलेला किंवा रंग फसलेला माल तिथे बाजूला काढतात. त्याला डागी माल म्हणतात आणि तो कामगारांना स्वस्तात मिळतो. आमच्या घरात अशा चादरींचं एक कपाट भरलेलं आहे. कूलर झाकायला चादर, स्कूटरच्या सीटवर चादर, डाळ वाळवायला चादर, पाहुणा निघाला की त्याच्या हातात चादर. झाडांना सावली हवी म्हटल्यावर मी सरळ कपाट उघडलं. एवढं कापड पडून असताना हिरवी जाळी विकत आणायची म्हणजे वेडेपणा, असं मी नवऱ्याला सांगितलंसुद्धा. त्यालाही ते पटलं.

बाग म्हणजे वीसेक डबे आणि बादल्या. मिरची, कढीपत्ता, गवती चहा आणि मोगरा माझे. वांग्याची नऊ रोपं आत्यांची. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.

त्या गावी, वळसंगला, एकट्याच राहायच्या. जानेवारीत अंगणात चक्कर येऊन पडल्या आणि शेजारणीला दिसेपर्यंत तासभर तिथेच पडून होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, यांना एकटं ठेवू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नको. आम्ही त्यांना घेऊन आलो. आल्या, पण त्यांचं इथे लक्ष लागेना. दोन दिवस झाले की विचारायच्या, ‘मी कवा जाऊ?’ त्यांच्या हाताला काम नव्हतं, हे खरं कारण. मी घर झपाझप आवरते. दुसऱ्याला करायला काही शिल्लक ठेवत नाही. हा माझा दोष आहे, पण या वयात तो जाणार नाही.

फेब्रुवारीत त्यांनी पदराच्या गाठीतून वांग्याचं बी काढलं. स्वतःच्या शेतातलं, काटेरी वांग्याचं. रंगाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून ते लावलं. रोपं वर आली तसं जायचं विचारणं थांबलं. ‘वांगी लागंस्तवर ऱ्हाते,’ त्या म्हणाल्या. मी ते त्यांच्याकडून लिहून घेतल्यासारखं मनात धरून ठेवलं. ती नऊ रोपं तगली तर आत्या उन्हाळाभर आमच्याकडे, नाहीतर वळसंगच्या पत्र्याखाली एकट्या. म्हणून त्या सकाळी मी चादरी इतक्या पक्क्या बांधत होते.

आत्या कठडा धरून दिवसातून एकदा वर येत. त्या उलट्या बादलीवर बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

“हे काय बांदाय लागलीस?”

“सावली.”

“चादर? झाडाला थंडी वाजती व्हय गं?”

“आत्या, दुपारी काय ऊन असतं बघताय ना.”

“ऊन हायच की. मग पांगराय कशाला घालतीस?”

मला उशीर होत होता. वर चार चादरी ताणल्या आणि पश्चिमेच्या गरम वाऱ्याला आडोसा म्हणून दोन खालपर्यंत सोडल्या. मग धुण्याचं शेवटचं पाणी तांब्यातांब्याने त्यांच्यावर मारलं. कूलरच्या वाळ्याला जसं ओलं ठेवतो तसं. काम नीट झालं म्हणून मी खूश होते.

शेजारच्या गच्चीवर अक्का कपडे वाळत घालत होत्या. त्यांचं घर तेलुगू विणकरांचं, सासर-माहेर दोन्हीकडे माग.

“काय ओ, मांडव घातलाय? लग्न कुणाचं?”

“वांग्यांचं,” आत्या म्हणाल्या.

पुढचे चार दिवस मी पहाटे वर जायचे, अंधारातच डब्यांत पाणी घालायचे, चादरी भिजवायचे आणि निघायचे. पाचव्या दिवशी दुपारी एकला घरी आले आणि सहज वर गेले. चादरीचं टोक उचललं, तर इडलीच्या भांड्याचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर आली. खाली तापलेला स्लॅब, वर ओलं जाड कापड, वाऱ्याला वाट नाही. पानं मऊ पडून लोंबत होती. बुंधे मातीपाशी काळे झाले होते. एका चादरीचा लाल रंग गळून सगळ्या डब्यांवर ठिपके पडले होते, आणि पानांमागे पिठासारखी पांढरी कीड बसली होती. नऊपैकी पाच रोपं गेली होती.

अंगाची ऊब बाहेर जाऊ नये म्हणूनच चादर विणतात. नवरा वीस वर्षं तेच काम करतो. तरी आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. संध्याकाळी त्याला दाखवलं तर डोकं खाजवून म्हणाला, “चादरीनं तिचं काम केलं की.”

पण त्याआधी दुपारचं सांगायला हवं. मी खाली आले तेव्हा आत्या खाटेवर लुगड्याच्या घड्या घालून पिशवीत ठेवत होत्या.

“तुम्ही बघितलंत?”

“कालच वास आला. मूळ कुजल्यालं कळतंय मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“पयल्या दिशी बोलले न्हवं?”

त्यांनी घडी पिशवीत सारली. त्या म्हणाल्या, “उद्या सातच्या यष्टीनं जाते. तुझ्यावर राग न्हाय गं. माझं हितलं काम झालं.”

नवऱ्याला फोन केला. तो त्यांच्याशी बोलला, डॉक्टरांची आठवण दिली. “डाक्टर वळसंगला येऊन बसतोय व्हय माझ्यापाशी?” असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

मला विनवण्या जमत नाहीत. रडणं तर त्याहून नाही. मी म्हटलं, “जायचं तर जा. पण चार रोपं जिवंत आहेत. ती कशी जगवायची ते सांगून जा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तू ऐकतीस व्हय?”

“आता ऐकते.”

“आता. पाच मेल्यावर.”

हे बरोबरच होतं. मी वाट बघत उभी राहिले. पिशवीचं तोंड बांधता बांधता त्या थांबल्या आणि बोलायला लागल्या. कडबा आणायचा, ज्वारीचा. त्याची ताटं, ती लांब वाळकी धांडं, मधे दोन बोटं जागा सोडून आडवी टाकायची, म्हणजे ऊन मोडतं आणि वारा निघून जातो. मावळतीकडून पेंढ्या उभ्या करायच्या. डबे स्लॅबवर ठेवायचे नाहीत, विटांवर ठेवायचे. मातीवर भुस्सा पसरायचा. “आन पानी मुळाला घालायचं. कापडाला न्हाय.”

संध्याकाळी नवरा वैरण बाजारातून कडब्याच्या चार पेंढ्या स्कूटरवर घालून आला. त्याच्या शर्टात आणि केसांत पाचोळा. अक्का गच्चीवरच होत्या.

“म्हैस कुठं बांधणार ओ? गच्चीवर?”

जिन्यातून आत्यांचा आवाज आला, “वैरण आमी आणली, म्हैस तुमी द्या.”

चादरी सोडून मी उजेड आहे तोवर थोडी ताटं टाकली. आत्या दारापर्यंत वर आल्या, मान मागे करून बघितलं.

“लई दाट. परत चादरच केलीस.”

मी सगळी ताटं काढली. त्या पुटपुटल्या, “असू दे, सकाळी बगू.” मग जरा थांबून म्हणाल्या, “यष्टी सातची हाय.”

“सहापर्यंत होईल,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाचला उठून मी डबे विटांवर चढवले, कुजलेली रोपं उपटून टाकली, आत्यांना खुर्ची देऊन गच्चीच्या दारात बसवलं. त्या काठीने दाखवत गेल्या, मी ताटं सरकवत गेले. चुकलं की त्या वळसंगकडच्या कानडीत काहीतरी म्हणायच्या आणि मी ते पुन्हा करायचे. “साकु,” शेवटी त्या म्हणाल्या. पुरे. चारही रोपांवर बारीक पट्ट्यापट्ट्यांचं ऊन पडलं होतं. माझ्या मनगटावरच्या घड्याळात सव्वासात झाले होते. मी ते त्यांना सांगितलं नाही.

उशिराची एसटी असतेच. म्हणून खाली येऊन मी पिशवीतली दोन्ही लुगडी काढली आणि साबणाच्या पाण्यात बुडवली. पाण्याचा दिवस अजून यायचा होता, तरी अख्खी बादली घेतली.

आत्या एकेक पायरी उतरत आल्या. “आगं, त्यातलं एक नेसून जायाची हुते.”

“ओली झाली.”

“हितं तासात वाळत्यात.”

“वाळू देत की. तोवर वरच्या रोपांकडे बघा.”

मग मी शाळेत फोन करून आज उशीर होईल असं कळवलं, आणि रिकामं पोतं घेऊन भुस्सा आणायला बाहेर पडले.