अण्णांसाठी जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर

शाळेत दिवसभर पोरांवर ओरडायचं आणि घरी येऊन वडिलांच्या कानात ओरडायचं, यातच माझे दिवस चालले होते. अण्णांना ऐकू येईनासं झालं होतं. कानातलं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते डबीत घालून ठेवलेलं, आणि डॉक्टरांचं नाव काढलं की तोंड फिरवायचे. संध्याकाळी मालिका लागली की मी त्यांच्या खुर्चीशेजारी बसून एकेक वाक्य कानात सांगायचो.

"आता सून काय म्हणली रं?"

"माहेरी जाते म्हणली!"

येरमाळ्यातलं आमचं घर हमरस्त्याला लागून. बाहेर ट्रक ओरडायचे, आत मी. त्या सुनेचा मला हेवा वाटायचा. तिला जाहिरातींपुरती तरी सुट्टी होती; अण्णा मला जाहिरातीसुद्धा सांगायला लावायचे.

घरात होम थिएटर होतं, पण आवाज वाढवला की त्याचा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा डबा, तापायचा आणि बोलणं फाटायचं. सोलापूरच्या दुकानदारानं सांगितलं, रिसीव्हर बदलू नका, त्याला बाहेरून अ‍ॅम्प्लिफायर जोडा. पुढचे तीन स्पीकर त्याच्यावर टाका, माणसांचं बोलणं तिथूनच येतं. मागचे दोन राहू द्या रिसीव्हरवर. आणलं मग ते लोखंडी धूड. रविवारी टीव्हीचं कपाट ओढलं, मागच्या धुळीत आडवा पडलो आणि रिसीव्हरच्या पाठीमागे 'प्री-आउट' लिहिलेल्या भोकांत अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरी खुपसल्या. कंबर धरली, पण आवाज असा निघाला की मांडणीवरची भांडी थरथरली.

"आलं का ऐकू, अण्णा?" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"आलं की! झ्याक येतंय!"

"त्यांचे कान आले, आता आपले जाणार," बायको म्हणाली. गेले तर गेले. मी आतल्या खोलीत जाऊन आडवा झालो. पुढं रोज संध्याकाळी तसाच आडवा व्हायचो. बाहेर अण्णा मालिका बघत मान डोलवायचे. शाळेत चहाच्या वेळी मी सगळ्यांना सांगायचो, बाबांनो, मशीन नाही, देव आहे तो.

मग खंडेनवमी आली. या दिवशी आमच्याकडं अवजारांची पूजा असते. विळ्या-कुऱ्हाडीपासून मोटारसायकलीपर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू लागतं. शेत बटईनं दिल्यापासून अण्णांच्या हाताशी अवजार उरलं नव्हतं. त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून त्यांना घरी ठेवून आम्ही दोघं तुळजापूरला दर्शनाला गेलो. गर्दीत अंगाचा भुगा झाला. संध्याकाळी परतलो तेव्हा अण्णा टीव्हीसमोर बसलेले.

पडद्यावर सासू तावातावानं बोलत होती आणि तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मागच्या दोन स्पीकरांतून नुसता पार्श्वसंगीताचा बारीक तंबोरा वाजत होता. अण्णा नेहमीसारखी मान डोलवत होते.

अ‍ॅम्प्लिफायर हळद-कुंकवानं माखलेला होता. वरच्या जाळीवर झेंडूची फुलं आणि फोडलेल्या नारळाची दोन भकलं. नारळाचं पाणी जाळीतून थेट आत गेलेलं. करपल्याचा वास येत होता. मी धावत जाऊन बटण बंद केलं. एवढा राग आला होता! त्यांच्या कानाशी वाकून ओरडलो, "अण्णा, मशीन जळलंय! आवाजच न्हाय त्याला!"

"व्हय?" ते जरा ओशाळले. "मला कसं कळावं? मला तर पयल्या दिवशीपास्नंच कायच येत न्हाय. घुमतंय नुसतं."

"मग सांगायचं न्हाय का?"

"सांगितलं असतं तर तू परत येऊन बसला असतास कानापाशी. साळंत वरडून येतूस, घरात वरडतूस. मला ऐकू येत न्हाय, पर तुझ्या गळ्याच्या शिरा दिसत्यात की."

"मग ही पूजा कशाची केली?"

"लेका, त्या मशीनीमुळं तू घरी येऊन घटकाभर पाठ टेकायला लागलास," ते म्हणाले. "म्हणून केली."

मी तिथंच जमिनीवर बसलो. एवढे दिवस मला आराम मिळाला होता, हे खरंच होतं. तो मशीननं दिला, असं मी शाळाभर सांगत सुटलो होतो.