कॉफीच्या वेळची गुरगुर

"आधी जागा कर, मग आवाज कर."

इर्या तिहोनेनचं हे वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं. बसच्या दारात अडून गप्पा मारणाऱ्यालाही ती हेच सांगायची आणि बिघडलेला रेडिओ घेऊन येणाऱ्यालाही. चौदाव्या वर्षी तिने बापाचा रेडिओ खोलला, त्याबद्दल मार खाल्ला, आणि संध्याकाळी त्याच रेडिओवर बातम्या लागल्या तेव्हा बापाने तिच्यापुढे दुसरा रेडिओ ठेवला. त्या गोष्टीला आता सत्तावन्न वर्षं झाली होती. तिचं दुकान म्हणजे घरामागची जुनी सौना, वाफेने न्हायची लाकडी खोली. वाफ कधीच गेली होती, लाकडाला आता तारा जोडायच्या डाखाचा आणि राळेचा वास होता.

जूनमधल्या एका गुरुवारी ताउनो कार्क्काइनेन आपला अँप्लिफायर दोन्ही हातांत धरून तिच्या दारात उभा राहिला. दोघं एका वर्गातले.

"गुरगुरतो," तो म्हणाला.

"कोण? तू की हा?"

"हसू नकोस, इर्या. शनिवारपर्यंतच वेळ आहे."

तळ्याकाठच्या नाचघरात दर शनिवारी पहिला टँगो गिटारने उघडायचा. सुरुवातीला ताउनो एकटाच वाजवत असे, बाकी वादक गप्प. एकेचाळीस वर्षं ती जागा त्याची होती. पण गेले तीन शनिवार गिटारचा सूर फाटत होता, घोगरा होत होता. अकॉर्डियन वाजवणारा पेंटी त्यांच्या बँडचा म्होरक्या. तो म्हणाला होता की याही शनिवारी असंच झालं तर ती सुरुवात कीबोर्डवाला करेल.

"पेंटी वाईट माणूस नाही," ताउनो म्हणाला. "हे बोलताना तो तळ्याकडे बघत होता."

इर्याने अँप्लिफायरचा डबा उघडला. काचेचे व्हॉल्व्ह एकेक काढून पुसले, तपासले, परत बसवले. मग गिटारची वायर दुसऱ्या भोकात घातली. त्या भोकात सूर जरा दबून शिरतो आणि व्हॉल्व्हवर ताण येत नाही. तिने आवाज अर्ध्याच्या खाली ठेवला, खर्ज त्याहून खाली.

"खर्जच सगळी जागा खातो. हं, वाजव."

ताउनोने एक तार छेडली. सूर स्वच्छ निघाला, पहाटेच्या तळ्यावर मासा उसळून परत जावा आणि नुसती वलयं उरावीत तसा. त्याने दुसरी तार छेडली, मग जोरात तिसरी. कुठेही खरखर नव्हती.

त्याचा चेहरा मात्र उतरला. डबा धडधाकट, म्हणजे बिघाड दुसरीकडे होता. हिवाळ्यापासून सकाळी त्याला शर्टाची बटणं लावता येत नव्हती. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

"म्हणजे हात गेला माझा."

"हात मी दुरुस्त करत नाही," इर्या कॉफी ओतत म्हणाली. "पण हा गुरगुरतो कधी, ते सांग."

"सातच्या सुमाराला. चारच्या सरावाला छान असतो. लोक जमायला लागले की हात जड होतो. वय झालं, दुसरं काय."

"हं," इर्या म्हणाली. तिच्या या हुंकारात काय असतं ते गावात कुणाला कधी कळलं नाही.

शनिवारी ती सायकलवरून नाचघरात आली. पुढच्या टोपलीत विजेचा दाब मोजायचा मीटर होता आणि जाड केबलचं भेंडोळं. सहाला ताउनोने वाजवून पाहिलं, सूर नितळ होता. पावणेसातला उपाहारगृहात लेम्पीने कॉफीची दोन्ही मोठी विजेची भांडी, जुनं आणि तीन आठवड्यांपूर्वी आणलेलं नवं, सुरू केली, वॉफलचा तवा तापत ठेवला. ताउनोने पुन्हा तार छेडली आणि डबा गुरगुरला. त्याने डोळे मिटून घेतले.

इर्या त्याच्याकडे पाठ करून बसली होती. मीटरच्या तारा तिने भिंतीतल्या प्लगात खुपसल्या होत्या आणि काटा खाली सरकताना ती बघत होती. मग ती प्लगाच्या वायरीचा माग काढत निघाली. मंचापासून कुंड्यांच्या मागून, उपाहारगृहाच्या खिडकीखालून थेट तिकिटाच्या खोपटापर्यंत. सगळं एकाच बारीक वायरीवर.

"लेम्पी, भांडी जरा बंद कर."

"सात वाजता कॉफी बंद? त्यापेक्षा नाचच बंद करा ना."

"दोनच मिनिटं."

"दोन मिनिटांत इथे दंगा होईल."

"आपल्याकडे? लोक नुसते गप्प उभे राहतील."

"तेच म्हणते मी," लेम्पी म्हणाली, पण बटण तिने फिरवलं.

काटा वर चढला. "वाजव, ताउनो."

सूर नितळ आला. भांडी सुरू केली, गुरगुर. बंद केली, पुन्हा नितळ. इर्याने तीनदा तसं करायला लावलं. तिसऱ्या वेळी ताउनो मंचावरच्या खुर्चीत बसला. 

"म्हणजे माझा हात..."

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही. बटणं लागत नसतील तर चेनवाला शर्ट घे. तुझी वीज लेम्पीची कॉफी पिते. व्हॉल्व्हला पुरा दाब मिळाला नाही की सुराला उभं राहायला जागा उरत नाही, तो छताला घासतो."

बोटींच्या धक्क्यावरच्या दिव्यांची लाइन वेगळी होती. जूनमध्ये इथे रात्रीही उजेड असतो, दिवे लावतो कोण? इर्याने आपली जाड केबल तिथून ओढून आणली, अँप्लिफायर तिच्यावर लावला आणि लेम्पीला मान हलवून खूण केली. दोन्ही भांडी पुन्हा उकळू लागली.

सात वाजता ताउनोने टँगो उघडला. एकेक सूर वेगळा ऐकू येत होता, फळीवर बुटाचा तळ घासल्याचाही आवाज त्याच्यापेक्षा मोठा वाटावा इतका हळू, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. जोड्या एकमेकांजवळ सरकल्या. पेंटीने अकॉर्डियन छातीशी घेतला. या वेळी तो तळ्याकडे बघत नव्हता.

"एक नाच तरी कर की गं," लेम्पी इर्याच्या हातात वॉफल देत म्हणाली.

"बूट चिखलाचे आहेत."

वॉफल खात खात, एका हाताने सायकल ढकलत ती बर्चच्या झाडांमधून निघाली. केबल तिने तिथेच राहू दिली होती. लेम्पी खिडकीतून बघत होती. मंचावरून ताउनोही बघत होता. त्याचे दोन्ही हात गुंतले होते, म्हणून त्याने तिला हात केला नाही.