करवलीच्या कानामागचे ठिपके

हेस्टर मावशी चॅपलमध्ये नेहमी बाकाच्या टोकाला, दाराजवळ बसायची. प्रवचन लांबलं की तिचा पाय हलायला लागायचा आणि तिच्या पायाबरोबर अख्खा बाक. पुढच्या ओळीतल्या बायका वळून बघायच्या. मावशीला त्याचं काही नसायचं. घरीही तेच. चहा उभ्यानेच, भाकरीचा तुकडा चालता चालता. आमच्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सगळेच वारा खाऊन वाढलेले, पण तिच्या अंगात जणू तो वारा राहायलाच आला होता.

माझी आई लव्हडे ही तिची धाकटी बहीण. आई चार वर्षांची असताना तिच्या कानामागे लाल ठिपके उठले. त्या दिवशी चॅपलमध्ये पोरांना चहा आणि केशर घातलेले गोड पाव मिळणार होते, आणि आईने जायचंच म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. आजी म्हणाली, उन्हाने उठलंय, जाऊ दे पोरीला. हेस्टर मावशी तेव्हा नऊ वर्षांची. तीच आईचा हात धरून तिला घेऊन गेली. तो गोवर निघाला. चॅपलमधून लागण होऊन गल्लीतली दोन पोरं त्यात दगावली. आई वाचली, पण तिचे कान गेले ते गेलेच. आजी त्याबद्दल पुढे कधी बोलली नाही, आणि तिच्यापुढे तो विषय काढायची कोणाची छाती झाली नाही.

पुढे मावशी लंडनला कामाला गेली. आधी भांडी घासणारी, मग पोरं सांभाळणाऱ्या नॅनीच्या हाताखाली, आणि शेवटी स्वतःच नॅनी. पोरं मोठी होऊन शाळेत गेली की नॅनीचं काम संपतं, म्हणून तिची घरंही बदलत राहिली. तिला ते मानवलं असावं. लेडी व्हेरल यांच्याकडे मात्र ती रमली, कारण त्यांची मुलगी रोवेना. ही पोर मावशीहून चुळबुळी. जेवताना खुर्चीवर गुडघे, झोपताना पाय उशीवर, नखं कुरतडून कुरतडून बोटं लाल.

रोवेना सहा वर्षांची होती तेव्हा राजाच्या एका पुतणीचं लग्न ठरलं. नवरीच्या मागे चालायला आठ जण निवडले. चार मोठ्या करवल्या, सगळ्या नात्यातल्या किंवा मैत्रिणी. आणि चार लहान, दोन मुली नि दोन मुलगे. लहानांचं काम एकच, नवरीच्या झग्याचा लांबलचक घोळ उचलून धरायचा आणि ॲबीच्या, म्हणजे लग्नाच्या त्या भल्यामोठ्या चर्चच्या, न संपणाऱ्या वाटेवर न अडखळता चालायचं. मग वेदीपाशी पुतळ्यासारखं उभं राहायचं. लेडी व्हेरल नवरीच्या आईच्या जुन्या मैत्रीण, म्हणून रोवेनाचा नंबर लागला. घरातला सगळा नोकरवर्ग हसला. स्वयंपाकीण म्हणाली, हिच्यापेक्षा मांजराला पाठवा.

मावशीने मनावर घेतलं. जेवणघरातला टेबलाचा मोठा कपडा स्वयंपाकिणीच्या कमरेला बांधला, तिला दिवाणखान्यातून चालवलं आणि मागे रोवेनाला लावलं. नव्या बुटांचे तळ कात्रीने खरवडले, घसरू नयेत म्हणून. रोवेनाच्या जोडीला ऑब्री नावाचा पाच वर्षांचा मुलगा होता. हिवाळ्यात न्यूमोनियातून जेमतेम उठलेला, काटकुळा, आणि कापड हातात आलं की लगाम ओढावा तसं ओढायची सवय. रोवेना त्याला दटावायची, "हळू रे. ती काय घोडी आहे का?"

हळूहळू पोर बदलली. एक दिवस मावशीने पाहिलं, रोवेना खिडकीपाशी एकटीच उभी आहे, हात पुढे मुठी वळून, डोळे समोर. काय करतेयस विचारलं तर ओठ न हलवता म्हणाली, उभी राहतेय. नखं कुरतडणंही सुटलं होतं. मावशी आईला म्हणायची, त्या पोरीला बघून मलाच वाटायला लागलं, आपणही जरा बसून बघावं.

लग्नाच्या सकाळी सगळ्या करवल्यांना राजवाड्यातल्या एका मोठ्या दालनात तयार करत होते. उकडत होतं. बाहेर गर्दीचा आवाज समुद्रासारखा चढत-उतरत होता. आत मोठ्या करवल्या एकमेकींचे हुक लावत होत्या, एका मुलाने पांढरी साटिनची विजार ओली केली होती आणि त्याची नॅनी ती विजार इस्त्रीने वाळवत होती. मावशीने रोवेनाचे केस वर घेतले, फुलांचा गजरा डोक्यावर बसवायला. आणि तिचा हात थांबला. कानामागे लाल ठिपके होते. मानेवरही.

ती लेडी व्हेरलना कोपऱ्यात घेऊन गेली. बाईसाहेबांनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, हे मावशीने नीट पाहिलं. मग त्या म्हणाल्या, उष्म्याचं आहे, काल तिला लोकरीची बंडी घातली होतीस ना, त्याचं. पावडर लाव. मावशी म्हणाली, डॉक्टरांना बोलवू या. डॉक्टर कधीच ॲबीत जाऊन बसलेत, आता वेळ कुठे आहे, असं म्हणून त्यांनी पावडरीचा डबा तिच्या हातात दिला आणि आवाज खाली आणून बजावलं, "नॅनी, तू यात तोंड उघडायचं नाहीस."

मावशीने पावडरीचा पुंजका उचलला. खरं तर तिला माहीत नव्हतं. गोवर असेल, नसेल. रोवेनाच्या कपाळाला हात लावला तर ऊन लागलं, पण त्या खोलीत सगळ्यांचंच कपाळ ऊन होतं. पलीकडे ऑब्री आपल्या झालरीच्या कॉलरशी खेळत खोकत होता. मावशी खोलीतून दाराकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. कोणीतरी म्हणालं, बाई, एका जागी थांबा हो, चक्कर येतेय आम्हाला.

मोठ्या करवल्यांत लेडी सिबिल म्हणून नवरीची चुलत बहीण होती. पस्तिशीची, उंच, सडसडीत. लहानपणापासून घराण्यातल्या इतक्या लग्नांत करवली झालेली की बाकीच्या तिला सेनापती म्हणायच्या. मावशी थेट तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि एका दमात सांगून टाकलं.

लेडी सिबिलने रोवेनाला उजेडात नेलं, केस बाजूला केले, पाहिलं. मग मावशीला विचारलं, "तुला खात्री आहे?"

"नाही."

"मग एवढा तमाशा कशासाठी?"

"खात्री नाही म्हणूनच सांगतेय, बाईसाहेब. खात्री होईपर्यंत तो ऑब्री अंथरुणाला खिळलेला असेल."

लेडी व्हेरल पाठीमागून येत होत्या, त्यांना लेडी सिबिलने नुसता हात वर करून थांबवलं. मग ती त्या महागड्या झग्यासकट जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि रोवेनाला म्हणाली की तू कदाचित आजारी आहेस, म्हणून आज तुला इथेच थांबावं लागेल.

रोवेना रडली नाही. तिने आधी मावशीकडे पाहिलं, मग लेडी सिबिलकडे, आणि विचारलं, "मी हलले का?"

मावशी सांगायची, त्या प्रश्नावर मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

रोवेनाच्या जागी लेडी सिबिलच चालली. एवढी उंच बाई, कमरेत वाकून, शेजारी वीतभर ऑब्री. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांना तो फोटो फार आवडला. लहान-थोर मिळून घोळ धरण्याची गोड कल्पना, असं काहीतरी त्यांनी छापलं.

दालनात दोघीच उरल्या. गाड्या निघाल्या, गर्दीचा आवाज त्यांच्यामागे दूर गेला, मग घंटा सुरू झाल्या. मावशी खिडकी ते शेकोटी, शेकोटी ते खिडकी करत होती. तिने खिशातली साखरेची गोळी काढून पुढे केली. रोवेना पडद्याचं टोक दोन्ही हातांत धरून उभी होती. गोळीकडे न बघता ती म्हणाली, "आता नको, नॅनी. आम्ही अजून चालतोय."

ती तशीच उभी राहिली. पाय अवघडले असतील, गजरा टोचत असेल, पण पडदा हातातून सुटला नाही. गाड्या परत आल्याचा गलका झाला तेव्हाच तिने तो सोडला, आणि मग मावशीच्या ॲप्रनमध्ये तोंड खुपसून इतकी रडली की तिला उचलून मागच्या दाराने न्यावी लागली.

संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांनी पोरीला तपासलं आणि म्हणाले, घामोळं आहे. गार पाण्याने पुसा.

मावशीची ट्रंक दुसऱ्या दिवशी सकाळी दारात होती. शिफारस मिळाली नाही, आणि शिफारशीशिवाय लंडनमध्ये कोणी नॅनीला उंबरा ओलांडू देत नाही. रोवेनाला शेवटचं भेटूही दिलं नाही.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. मावशी आमच्याकडे आली आणि घरात जागा कमी पडायला लागली, कारण ती सगळीकडेच असायची. कड्यावर जायची, तासाभरात परत यायची, पुन्हा शाल घ्यायची. घासलेली भांडी परत घासायची. शेवटी आईनेच एक दिवस तिला हाताला धरून खुर्चीत दाबून बसवलं. आईला ओठांवरून बोलणं कळायचं, आणि ती बोलायची ते मोठ्याने, सपाट, कारण तिला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा नाही. मावशीने तिला विचारलं, मी चुकले ना गं?

"चुकलीस," आई म्हणाली. "माझ्या वेळीही कोणीतरी असंच चुकायला हवं होतं."

मावशी बसून राहिली. पण फार वेळ नाही.

पुढे तिला गावाबाहेरच्या साथीच्या रोगांच्या इस्पितळात काम लागलं. नर्स म्हणून नव्हे, पोरांना भरवणं, धुणं, गोष्टी सांगणं. तिथे कोणी शिफारस विचारली नाही. तिथे लोक जायलाच घाबरत.

युद्धात आमच्या बंदरावर नौदलाच्या मुली आल्या. एका रविवारी त्यातली एक दारात उभी राहिली, गणवेशात, टोपी काखेत. मला वाटलं, कोणाचं घर चुकली. ती म्हणाली, इथे नॅनी हेस्टर राहते का? मी रोवेना.

मावशी परसात कपडे वाळत घालत होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी चहा ठेवला. रोवेनाने आडपडदा ठेवला नाही. म्हणाली, मी तुझा खूप वर्षं राग केला, अजूनही थोडा आहे. मावशी म्हणाली, असू दे. मग रोवेनाने सांगितलं की तिच्या आईने त्या दिवसापासून सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली. पोरगी ऐन वेळी घाबरली, रडून गोंधळ घातला, म्हणून मागे ठेवावी लागली. राजघराण्याच्या लग्नात पुरळ उठलेली पोर नेली, असं लोकांनी म्हणण्यापेक्षा तिला ते बरं वाटलं. शाळेत, नाचाच्या समारंभात, कुठेही गेली तरी ती लग्नातून पळालेली पोर. एका मुलाने तर साखरपुड्याआधी चेष्टेत विचारलं होतं, आमच्या वेळी पळणार नाहीस ना?

"पण तू रडली नव्हतीस," मावशी म्हणाली.

"हे तुला माहीत आहे, नॅनी. लेडी सिबिलला माहीत होतं, ती गेली. बाकी कोणाला?"

रोवेना गेल्यावर मावशीने कपडे अर्धवट टाकले. मी म्हटलं, मावशी, आता झालं ते झालं. त्या आठवड्यात तिने इस्पितळातून रजा घेतली, सैनिकांनी गच्च भरलेल्या गाडीत उभी राहून लंडनला गेली आणि व्हेरलांच्या दारावर थाप मारली.

बाईसाहेब म्हाताऱ्या झाल्या होत्या. अर्धं घर बंद, नोकर एकच. त्यांनी मावशीला आत घेतलं, बसायलाही सांगितलं. मावशी बसली नाही. तिने स्वतःबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणाली, "मला काढलंत त्याचं काही नाही. पण पोरीवर घेतलेला आळ तुम्हीच काढा."

लेडी व्हेरल म्हणाल्या, एवढ्यासाठी इतक्या लांब आलीस? बॉम्ब पडताहेत, आणि तू एका घामोळ्यासाठी? मग त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली आणि मावशी तिथून निघाली. घरी येऊन ती आम्हाला म्हणाली, फुकट गेलं भाडं.

रोवेनाची बदली उत्तरेकडे झाली. जायच्या आधी ती एकदा धावत येऊन गेली. मावशी तेव्हा समुद्राकडे गेली होती, म्हणून निरोप माझ्याकडे ठेवला. रजेत ती लंडनला आपल्या घरी जेवायला होती. एक वयस्क पाहुणे आले होते, आणि त्यांनी तीच जुनी गंमत काढली. तर तिच्या आईने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, रोवेना रडली नव्हती, ते मीच पसरवलं होतं. मग मटार पुढे करा म्हणाली. रोवेना हे सांगताना हसत होती, पण टोपी हातात फिरवत होती, आणि गाडी सुटायची वेळ झाली तरी उंबऱ्यावरून हलत नव्हती.

मावशी परत आली तेव्हा तिच्या बादलीत शिंपल्या होत्या. मी सगळं सांगितलं, शब्द न शब्द. ती ऐकत असताना बादली खाली ठेवायचंही विसरली.

"पाहुणे किती होते म्हणालीस?" तिने विचारलं.

"एकच."

"एकच? खोटं तर सगळ्यांना सांगितलं होतं," मावशी म्हणाली, आणि तशीच बादली घेऊन पुन्हा दाराबाहेर पडली.