जोडीवाले चाचा

जऊळक्याच्या स्टेशनाजवळ दुकान असलेले चाचा नुसता ॲम्प्लिफायर कुणालाही विकत नसत. आधी ते घरी येत, कोणते स्पीकर आहेत, वर पत्रे आहेत की स्लॅब, सगळं बघत आणि ऐकणारा माणूस रोज जिथे टेकतो तिथे स्वतः बसून ऐकत. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणत, "पोरगी न पाह्यताच हो म्हनता का तुमी?" म्हणून आमच्या किन्हीराजात ते जोडीवाले चाचा झाले.

माझ्या वडिलांना गावभर ऐकू जाईल असं मशीन हवं होतं. चाचांनी चक्क नकार दिला. "ऐकनारे तुमी दोघं. गावाले कायले तरास?" असं म्हणून लहानसा ॲम्प्लिफायर जोडून गेले. वडील आठवडाभर फुगून बसले. पुढे मात्र आई त्या भजनांवर भाकरी थापायची आणि वडील डोळे मिटून पडायचे.

मग घरी बसून ऐकणारेच संपले, मोबाइलवर लोकांचं भागू लागलं. पोटासाठी चाचा वरातीच्या डीजेवर जाऊ लागले. जन्मभर आवाजाला आवर घालणाऱ्या माणसाला आम्ही त्या पेट्यांच्या भिंतीपुढे नेऊन उभं केलं. मला त्या पेट्यांचा संताप येतो, आणि त्यांच्यापुढे नाचणाऱ्यांचाही.

गेल्या उन्हाळ्यात मी नवा ॲम्प्लिफायर आणला. वडील नव्हते, पण त्यांचे स्पीकर होते. जोडी जमते का बघायला चाचांनाच बोलावलं. ते वडिलांच्या जागी बसले, मी गाणं लावलं. त्यांनी बोटानं आवाज वाढवायला सांगितलं. वाढवला. पुन्हा बोट वर गेलं. मला वाटलं, मशीनचा दम पाहतायत. बायको कानांवर हात ठेवून अंगणात गेली, गोठ्यातली म्हैस बिथरली, स्पीकर घरघरू लागला आणि चाचा मान तिरपी करून शांतपणे वाट पाहत होते. शेवटी जळका वास सुटला.

वास त्यांना लगेच कळला. धडपडत उठून त्यांनी बटण बंद केलं. स्पीकरच्या कागदी पडद्यावर तळवा टेकवून ते उभे राहिले. नवा आणू, असं मी ओरडून सांगत होतो. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"गानं वाजून राह्यलं होतं का?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. त्यानंतर त्यांनी दुकान उघडलेलं नाही.