कन्नडहून झोपवून आणलेली गार्ड

मी लई उंच आहे. नात्यात कुणाचंही लग्न असो, फोटोच्या वेळी मला मागच्या रांगेत ढकलतात. शाळेत असताना याच उंचीवर मला बास्केटबॉलच्या संघात घेतलं आणि खेळ नंतर शिकवला. रिंगखाली उभं राहायचं, बॉल आला की वर टाकायचा, एवढंच काम. पळायची वेळ आली की माझी बोंब. पुढं खेळाची शिक्षिका झाले, निवृत्तही झाले. आता चिकलठाण्याच्या घरात स्वस्थ बसवत नाही म्हणून निवड समितीवर लष्कराच्या भाकऱ्या भाजते.

समितीचं काम सरळ आहे. जिल्ह्यातल्या शाळांमधून पोरी निवडायच्या आणि निवासी प्रशिक्षण केंद्रात पाठवायच्या. तिथंच राहणं, जेवण, शाळा आणि सकाळ-संध्याकाळ खेळ. निवडीच्या दिवशी भिंतीवर खडूनं एक रेघ मारतात. डोकं रेघेला टेकलं तर बॉल हातात मिळतो, नाही टेकलं तर आल्या पावली घरी. मला दरवेळी एकच बजावून सांगतात, "मॅडम, उंच पोरी हुडका."

गेल्या हिवाळ्यात कन्नडला तालुक्याचे सामने होते, तिथं गेले. मैदान मातीचं, रिंगला जाळी नाही, कडेला एक शेंगावाला आणि त्याच्याभोवती अर्धे पंच. मी आपली वर बघत उंच पोरी शोधत होते, आणि खालून काहीतरी सुर्रकन निघून गेलं. बघते तर एवढीशी पोरगी! समोरच्या संघातल्या धिप्पाड पोरीच्या हातातला बॉल तिनं कधी काढून घेतला, ते त्या धिप्पाड पोरीलाही कळलं नव्हतं. ती बिचारी रिकाम्या हातानं ड्रिबल करायच्या बेतात होती.

ही पोर गार्ड खेळत होती, म्हणजे बॉल पुढं न्यायचा आणि खेळ चालवायचा. बुटकी, काटकुळी, पण पाय जमिनीवर ठरतील तर शपथ! सामना संपेपर्यंत मी हातातल्या शेंगा खायला विसरले.

मग तिला आणि तिच्या आईला गाठलं. पोरगी नववीत होती. पुढच्या वर्षी दहावी, आणि दहावी म्हणजे पोरींचा खेळ बंद, हा आपल्याकडचा अलिखित कायदाच. आईनंही आडपडदा न ठेवता सांगितलं, "मॅडम, हिचा बाप म्हणतो दहावीला मैदानात पाय ठेवायचा नाय. तुमच्याकडं घेतली तरच खेळंल, नायतर ही शेवटचीच संधी बगा."

मी रेघेचं सांगितलं. आईचा चेहरा पडला. तिला जरा धीर द्यावा म्हणून मी म्हणाले, "अहो ताई, सकाळी उठल्या उठल्या मोजलं तर माणूस बोटभर जास्त भरतो. दिवसभरात मणके दबतात."

"बसलं तरी दबत्यात का?" तिनं विचारलं.

"बसलं काय, उभं राहिलं काय, दबायचेच," मी म्हणाले आणि जीपमध्ये चढले.

निवडीच्या दिवशी सकाळी आम्ही केंद्राच्या बास्केटबॉल कोर्टवर होतो. आमच्या समितीचे प्रमुख, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, फीत घेऊन भिंतीपाशी उभे. माणूस वाईट नाही, पण हातात फीत आली की कुणाचा नाही. तेवढ्यात फाटकाशी एक रिक्षा थांबली. रिक्षातून दोन पाय बाहेर आलेले. मी धावत गेले. रिक्षावाला माझ्यावरच उखडला, "क्या मॅडम, पेशंट को दवाखाने ले जाने का छोड़ के इधर कायकू बुलाए?"

आत आईच्या मांडीवर डोकं ठेवून आमची गार्ड आडवी.

"उठू नको गं," आई तिला दाबून धरत म्हणाली, "आधी मॅडमला इचारू दे, मोजायची तयारी झाली का."

मी कपाळावर हात मारला. बाईनं पोरीला अंथरुणातून जवळजवळ उचलूनच पहिल्या एसटीत घातलं होतं, आणि मागच्या लांब सीटवर झोपवून कन्नडपासून इथवर आणलं होतं. मणके दबू नयेत म्हणून! कंडक्टरला वाटलं पोर सिरियस आहे. त्यानं मागची सीट रिकामी करून दिली, ड्रायव्हरला गाडी दमानं घ्यायला सांगितलं. वेरूळच्या घाटात पोरीला मळमळायला लागलं, तर कुणी लिंबू दिलं, कुणी अंगारा लावला. कपाळावर तो अंगारा अजून होता, आणि तोंड हळदीसारखं पिवळं.

भिंतीला टेकून उभी केली. डोकं रेघेच्या दोन बोटं खाली.

"पुढची," सर म्हणाले.

पोरगी हललीच नाही. टाचा भिंतीला घट्ट लावून, मान ताणून तशीच उभी. आई पुढं झाली. "सर, परत एकदा बगा ना. वाटंत एकदाबी उठू दिली नाय हो तिला."

सरांना काही कळेना. मी सगळी हकीकत सांगितली, तर ते पोट धरधरून हसायला लागले. त्यांच्याबरोबर बाकीचेही हसले. खरं तर मलाही फाटकापाशी हसू फुटलं होतं. पण पोरीची हनुवटी थरथरायला लागली, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हसा, मनसोक्त हसा," मी म्हणाले. "पण आधी तुमच्या निवडलेल्या सगळ्यात उंच तीन पोरी हिच्यासमोर उभ्या करा. हिच्याकडून बॉल घेऊन दाखवू द्या त्यांना. मी उंच होते म्हणून संघात गेले, आणि तालुक्यापुढं कधी खेळले नाही. उंचीचं कौतुक मला नका सांगू!"

सर जरा चपापले. "बरं बाई, पाच मिनिटं," म्हणाले.

पहिल्याच पावलाला बॉल तिच्या स्वतःच्याच पायावर आपटून बाहेर गेला. आधीच चक्कर, त्यात रिकामं पोट. उंच पोरींपैकी एक फिसकन हसली. मी हिला पुढं घातली नसती तर निदान एवढी शोभा तरी झाली नसती, असंही वाटून गेलं.

तिनं बॉल आणला, बाहीनं कपाळ पुसलं आणि मग सुरू झाली. डावीकडं जाते म्हणावं तर उजवीकडं. दोघी एकमेकींवर आदळल्या, तिसरी अडवायला आली तर ही तिच्या कोपराखालून पार! रिंगपाशी जाऊन बॉल हळूच वर ठेवला. परत आली, परत तेच. पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली, पण सरांची शिट्टी तोंडातल्या तोंडात राहिली. उंच पोरींच्या नाकी नऊ आले. मी टाळ्या पिटत नाचत होते, या वयात, या उंचीची बाई!

शेवटी सरांनी शिट्टी वाजवली. बराच वेळ दाढी खाजवली. मग म्हणाले, "एक वर्ष ठेवून बघू. वर्षात उंची वाढली तर पुढं. यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही, मॅडम."

"वाढंल की!" आई घाईघाईनं म्हणाली. "न वाढायला काय झालं?"

पोरगी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. तिनं मान वर केली.

"आन् नाय वाढले तर?"

मला वाटलं सर काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील. पण ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "तर परत घरी जावं लागेल, बाळ. मी खोटं सांगत नाही."

तिनं पायाशी पडलेल्या बॉलकडं बघितलं. कन्नडच्या शाळेत अख्ख्या वर्गात एकच बॉल, तोही खेळाच्या तासापुरता कपाटाबाहेर यायचा, हे मला नंतर कळलं.

"पर तवर," ती म्हणाली, "रोज खेळायला मिळंल?"

मी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. "रोज," सर म्हणाले. "सकाळी आणि संध्याकाळी."

तिनं पायाशी पडलेला बॉल उचलला, छातीशी धरला आणि विचारलं, "आजची संध्याकाळ धरून?"